देवाची मूठ

"धर म्हटलं ना! नाही तं डोक्यावर ओतीन!" आई ओरडत होती. भरवेलीच्या आमच्या खाण-कॉलनीत तिचा आवाज असा घुमला, की खाणीतले लोक पाळी सुटली समजून वर आले.

आज तांदळाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला टाकताना आईच्या डब्याचा तोच कडवट वास आला आणि आई आठवणीत पुन्हा गरजली.

स्वयंपाकाआधी ती रोज एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळ्या डब्यात काढायची. रविवारी तो डबा चर्चमध्ये जायचा. त्या दिवशी मात्र तिनं तो शेजारच्या सखूबाईपुढे धरला होता. सखूबाई म्हणजे आमची सात पिढ्यांची वैरीण. नळावरची आमची घागर तिनं अशी लाथाडली होती, की ती वैनगंगेपलीकडे जाऊन पडली. आता तिचा नवरा तापानं पडलेला, चूल दोन दिवस थंड. मी मनातून खूश होतो.

"तुम्हा बाटलेल्यायचे तांदूळ मले नको!" सखूबाई किंचाळली.

"माहे नाहीत, देवाचे हायेत. अन् तुह्या पोरायसाठी हायेत, तुह्यासाठी नाही!"

सखूबाईनं डबा हिसकावला, "किडकेच असतीन," म्हणाली आणि दार आपटलं.

तेव्हा वाटलं, आई हरली. आज वाटतं, एवढ्या रागात एवढं देणं मला जन्मात एकदाही जमलं नाही.

त्याच संध्याकाळी चर्चच्या रविवारच्या शाळेतला शत्रूवर प्रेम करायचा धडा आठवून मी विचारलं, "आई, आता सखूबाई तुले आवडते काय?"

"नाही," आई म्हणाली. "पण पोरं जेवतीन."