उलव्यात आई पायी निघाली

मंगळवार. आज बाबांचं पहिलं मासिक होतं. गुरुजी अकराला येणार होते. नऊ वाजता आई हार आणायला एकटीच खाली उतरली आणि साडेदहा झाले तरी परत आली नाही. तिचा फोन घरीच चार्जिंगला होता.

मी सहसा या ग्रुपवर लिहीत नाही. आज लिहितोय.

आईला गिरगावहून इथे नवी मुंबईत, उलव्याला माझ्याकडे आणून पंधरा दिवस झालेत. इथले फूटपाथ रुंद आणि मोकळे आहेत, म्हणूनच मी आग्रह धरला होता.

गेटवर वॉचमन म्हणाला, "साहेब, आजी पुढच्या चौकातून वळल्या." पण इथे प्रत्येक चौक सारखाच दिसतो. वळल्यावर नुसते रिकामे प्लॉट आणि भरधाव डंपर.

शेवटी ती एका पत्र्याच्या कुंपणापाशी बसलेली सापडली. मी ओरडलोच, "आई, कोणाला तरी विचारायचं ना!"

"कोणाला? अर्धा तास चालले, एक माणूस दिसला नाही. गिरगावात पाय ठेवायला जागा नसते, पण चौघांनी हटकलं असतं, काकू इकडे कुठे म्हणून." मग हळूच म्हणाली, "आणि तुझे बाबा पुढे असायचे रे. मी रस्ता कधी बघितलाच नाही."

उलवेकरांनो, तुमच्या घरची म्हातारी माणसं इथे पायी कुठे जातात?

गुरुजी जेवून गेले, आई झोपली. मी गेटपासून बाजारापर्यंत वळणं मोजत चालत जाऊन आलो. इथे राहायला आल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच, गाडी न काढता.