जन्मसाल

शाळेतून आल्यावर जुई माझा फोन घेऊन खिडकीपाशी बसली होती. माझी मुलगी, वय वर्षं अकरा. मैत्रिणी जिथे फोटो टाकतात तिथे तिला खातं उघडायचं होतं, आणि मी महिनाभर "अजून थोडी मोठी हो" एवढंच म्हणत होते. मागून डोकावले तर पडद्यावर जन्मसालांची यादी होती. तिचा अंगठा यादी सरसर मागे सरकवत होता. तिच्या जन्माचं साल गेलं, आमच्या लग्नाचंही गेलं, तेव्हा कुठे तो थांबला.

"अगं, खोटं वय घालतेस?"

"तूच नाही का एसटीत सांगायचीस, चार वर्षांची आहे म्हणून?"

सहा वर्षांच्या जुईला मी मांडीवर घ्यायचे, पाय दुमडून बस म्हणायचे. कंडक्टर थांबायचा. तिच्या पडलेल्या दाताकडे, लांब पायांकडे नीट बघायचा आणि म्हणायचा, "बाई, अर्धं तिकीट काढा." तेव्हा तो मला खडूस वाटायचा. पण मूल किती मोठं झालंय ते कळायला कुणीतरी त्याच्याकडे असं थांबून बघावं लागतं. मी तरी महिनाभर कुठे बघितलं होतं?

तोवर जुईचं खातं उघडलंही होतं. फोटो चढला होता. इथे तिच्याकडे बघणारं कुणीच नाही, असं माझ्या मनात आलं, आणि तिच्या हातातला फोन थरथरला.

कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, "छान दिसतेस. घरी एकटीच आहेस का?"