पाणी उजव्या हाताला

वामनकाका देवरे कुठल्याही कचेरीत शिरले की आधी टेबलावर शिक्का दिसतो का ते बघत. बँक असो, वाचनालय असो, टायर बदलायचं दुकान असो. दिसला की खांद्यावरच्या पिशवीतून खाकी पुठ्ठ्याची जाड वही काढत, कोरं पान उघडून समोर सरकवत आणि हात जोडून म्हणत, "वन स्टॅम्प प्लीज. वॉकिंग." रेडमंडच्या पोस्टातली बाई पहिल्यांदा गोंधळली. मग काकांनी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. तिनं मुकाट्यानं तारखेचा गोल शिक्का मारला. काकांनी फुंकर घालून शाई वाळवली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शाई दाट आहे भाऊ इथली. आमच्याकडे ग्रामपंचायतीत पाणी घालून घालून शिक्का नुसता रडतो."

त्यांच्याबद्दल मी आजवर लिहिलं नाही, फारसं बोललोही नाही. कुणी विचारलं तर "चांगला माणूस होता" एवढं म्हणून विषय बदलतो. आज बदलणार नाही.

आमच्या अपार्टमेंटमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर मंगल राहायची. माझ्याच वयाची, सॉफ्टवेअरमधली, नवरा सतत फिरतीवर, एक सात वर्षांची मुलगी. काका तिचे वडील. धुळे जिल्ह्यात जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. २००२च्या मे महिन्यात ते आले आणि दुसऱ्याच दिवशी मला पार्किंगमध्ये पावलं मोजत चाललेले दिसले. मी नमस्कार केला तर म्हणाले, "सतीशभाऊ ना तुम्ही? तुमची जागा शेजाऱ्यापेक्षा सव्वा फूट कमी भरते. अर्ज करा." मी हसलो. ते हसले नाहीत. हद्दीच्या बाबतीत ते कधीच हसत नसत.

ती वही नर्मदा परिक्रमेची होती. निवृत्त झाल्यावर काका आणि काकू दोघांनी मिळून परिक्रमा केली होती, पायी. निघताना पहिल्या पानावर नाव-गाव, मग वाटेतल्या गावोगावचे शिक्के: ग्रामपंचायत, आश्रम, शाळा, एके ठिकाणी सहकारी दूधसंघ, दोन-तीन पोलीस ठाणी. कुठं शिक्काच नसायचा, तिथं काकू कुंकवात अंगठा बुडवून पानावर टेकवायच्या आणि काका खाली गावाचं नाव लिहायचे. परत आल्यावर वर्षाच्या आत काकू गेल्या. "पाय खोटं बोलत नाही, तोंड बोलतं," काका म्हणायचे. "म्हणून दुसऱ्याचा शिक्का लागतो." त्या वहीत अजून बरीच पानं कोरी होती, आणि कोरं पान हे मोजणी अर्धवट राहिल्याचं लक्षण, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून त्यांनी आमच्या शेजारच्या लेक वॉशिंग्टन तळ्याची परिक्रमा काढली. मंगलनं आधी कपाळाला हात लावला. तिची मुलगी म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो वीअर्ड, बट कूल." काकांचे नियम मात्र नर्मदेचेच. दसऱ्यानंतर निघायचं. पाणी कायम उजव्या हाताला ठेवायचं. दाढी करायची नाही. आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत पाणी ओलांडायचं नाही, मग त्यावर कितीही मोठा पूल असो.

हा शेवटचा नियम माझ्या वाट्याला आला. सकाळी मंगल त्यांना आदल्या दिवशी थांबले तिथं सोडायची आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी आणायला जायचो. किर्कलँडकडून खाली रेंटनपर्यंत काही अडचण नव्हती. ते वळसा घालून पलीकडच्या, सिॲटलच्या काठाला लागले तेव्हा खरी गंमत सुरू झाली. मी जायचो तरंगत्या पुलावरून आणि येताना काका गाडीत म्हणून अख्ख्या तळ्याला वळसा घालून, ट्रॅफिकमध्ये, वायपर लावून. मी कुरकुर केली की म्हणत, "भाऊ, तुमचं पेट्रोल मैयेच्या खात्यात." वाटेत वही उघडून त्या दिवसाचे शिक्के दाखवत. ड्रायक्लीनरचा, चर्चचा, एका चिनी हॉटेलचा लाल चौकोनी. प्रत्येक शिक्क्याशेजारी किनाऱ्याचा छोटा नकाशा, पावलांत अंतर, बाण, पूल, विजेच्या तारांचे मनोरे. सगळं बारीक मोडीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या देवनागरीत. ती आयुष्यभराची सवय होती.

एकदा त्यांनी विचारलं, काही अडचण आली तर कुणाचं नाव लिहू? मंगलचा फोन नेहमी मीटिंगमध्ये. मी म्हटलं, माझं लिहा की. त्यांनी पहिल्या पानावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत माझं नाव, पत्ता, ऑफिसचा नंबर लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. टॉवर पडून वर्ष झालं होतं. माझा ग्रीन कार्डचा अर्ज नुकताच पुढे सरकला होता. त्या वर्षात मी मिशी काढली, गाडीच्या काचेला झेंडा चिकटवला, विमानतळावर मराठीत बोलणं सोडलं. कुणी मला काही केलं नव्हतं. तरी पोलिसांची गाडी मागं दिसली की स्टिअरिंगवर हात ओले व्हायचे. आणि मी रोज संध्याकाळी तळ्याकाठून उचलत होतो तो माणूस पांढऱ्या दाढीचा, हातात काठी, पाण्यानं भरलेली प्लास्टिकची बाटली गळ्याशी बांधलेली, पुलांचे नकाशे काढणारा. मला ते दिसत नव्हतं असं नाही. काकांना मी एकदा सुचवलं की दाढी तरी करा. ते म्हणाले, "मैया काय म्हणेल?" पुढं बोलायची मला लाज वाटली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी ऑफिसात फोन आला. तरंगत्या पुलाच्या सिॲटलकडच्या टोकाखाली पोलिसांनी काकांना थांबवलं होतं. कुणीतरी कळवलं होतं की एक माणूस पुलाचे खांब मोजतोय. खांब ते मोजतच होते. पोलिसानं ओळखपत्र मागितलं, तर काकांनी वही दिली. नर्मदेकाठी गणवेशातला माणूस वहीच मागतो. आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी कोरं पान उघडून पोलिसाला म्हटलं, वन स्टॅम्प प्लीज.

मी पोचलो तेव्हा काका पोलिसांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले होते. मला पाहून हात हलवला. त्यांना वाटत होतं, साहेब शिक्का आणायला ठाण्यात घेऊन जाणार आहेत. पोलीस तरुण होता, आवाज साधा होता. त्यानं वहीची पानं उलटत विचारलं, तुम्ही यांना ओळखता का?

"शेजाऱ्यांचे वडील आहेत," मी म्हणालो. "मी फारसा ओळखत नाही."

काकांना इंग्रजी बोलता फारसं यायचं नाही. पण मोजणी खात्यात तीस वर्षं इंग्रजी अर्ज वाचलेला माणूस ऐकायला शिकतो. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर.

मी तीर्थयात्रा, सवय, म्हातारपण असं काहीबाही सांगितलं. मंगलशी फोनवर बोलणं झालं. तासाभरानं पोलिसांनी काकांना सोडलं, माझी सही घेतली आणि वही एका पाकिटात घालून माझ्याच हातात दिली. गरज पडली तर फोन करू म्हणाले. मी काकांना गाडीत बसवलं आणि सरळ पुलावर चढलो. मला लवकरात लवकर घरी जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. पुलाच्या मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. वही कुठंय, एवढंच त्यांनी उतरताना विचारलं. मी म्हणालो, उद्या बघू.

पाकीट माझ्या बॅगेत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते उघडलं. पहिल्याच पानावर माझं नाव, खाली दोन रेघा. मागं पुलांचे नकाशे, तारखा, वेळा. गरज पडली तर फोन करू, हे वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर फिरत होतं. मी आधी फक्त ते पहिलं पान फाडलं आणि कॉपियर ठेवतात त्या खोलीतल्या श्रेडरमध्ये घातलं. मग वाटलं, पान फाडलेली वही अधिक वाईट दिसते. म्हणून नकाशे घातले. मग त्यांच्या आधीची नर्मदेची पानं. ती घालायचं काहीच कारण नव्हतं. त्यात अमेरिकेचं काही नव्हतं. पण एकदा यंत्र सुरू झालं की हात थांबत नाहीत. कुंकवाचे अंगठे आले तेव्हा मी पानं उलटी करून घातली.

संध्याकाळी वर गेलो आणि काकांना सांगितलं की वही पोलिसांनी ठेवून घेतली.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "सरकारी काम आहे. मोजणीचा नकाशाही सहा-सहा महिने टेबलावर पडतो. पण सरकार कागद हरवत नाही, भाऊ. उशीर करतं." मंगलनं पोलिसांना फोन करते म्हटलं. तिला मी एकटीला गाठून समजावलं की उगाच डोळ्यांवर येऊ नकोस, काकांच्या व्हिसाची मुदतवाढ अजून मंजूर व्हायचीय. ती घाबरली आणि गप्प बसली. भीती द्यायला फार सोपी असते. मी त्या घरात ती दोनदा दिली.

काका परत तळ्यावर गेले नाहीत. पाणी ओलांडलं गेलं होतं, परिक्रमा मोडली होती, असं मी स्वतःला सांगितलं. पण ते पोस्टातही जाईनात. खाली पार्किंगमध्ये गाडीचं दार वाजलं की पडद्याच्या कडेनं बघत. दाढी काढून टाकली. मला जिन्यात भेटले की हळू आवाजात विचारत, काही कळलं का? मग एकदा त्यांनी अर्ज लिहिला. सविनय सादर, अर्जदार अमुक वयाचा, सदर वही ही अर्जदाराच्या मयत पत्नीच्या अंगठ्यांसह असून तपास पूर्ण झाल्यावर परत मिळावी. इंग्रजीत, जुन्या कचेरीच्या वळणानं, तीन प्रतींत. टाकायला माझ्याकडे दिला. असे पाच अर्ज मी घेतले. एकही टाकला नाही आणि एकही फाडायची हिंमत झाली नाही. ते अजून माझ्याकडे आहेत.

पुढच्या एप्रिलमध्ये ते भारतात परतले. विमानतळावर माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सतीशभाऊ, तुम्ही आपली तब्येत जपा. काळजी फार करता." मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

२००६ला माझं कार्ड आलं. पुढच्या जानेवारीत मी सुट्टीवर गेलो तेव्हा धुळ्याला मुद्दाम वाकडी वाट करून गेलो. सांगायचंच, असं ठरवून. काका खाटेवर होते, पाय सुजलेले. चहा झाला. मी घसा साफ केला आणि त्यांनीच आधी विचारलं.

"जपून ठेवली असेल ना रे त्यांनी? तिथं पाऊस फार. ओल लागली तर कुंकू पसरतं."

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते.

"जपून आहे, काका," मी म्हणालो. "मोठ्या ऑफिसांत ओल लागत नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना फार बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी अर्धा तास बसलो आणि निघालो.

गेल्या वर्षी, म्हणजे २००८च्या मार्चमध्ये, ते गेले. मंगल दहावा-बारावा करून परत आली आणि तिनं मला फोन केला. अस्थी भावानं ठेवून दिल्या होत्या. काकांची इच्छा होती की वही मिळाली तर ती आणि अस्थी एकत्र नर्मदेत सोडाव्यात. आता मी सिटिझन आहे, ती म्हणाली, आता कुणाला घाबरायचं? वकिलाशी बोललेय. त्या पोलिसांना पत्र पाठवतोय, तू सही केली होतीस तर तारीख नक्की सांग.

मी सांगितलं. तारीखही सांगितली आणि बाकीचंही. पाकीट, श्रेडर, पाच अर्ज. एकदा बोलायला लागल्यावर वेळ फार लागला नाही.

ती अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तो सगळा हिवाळा बाबा दाराशी पिशवी भरून ठेवायचे. स्वेटर, बीपीच्या गोळ्या, टूथब्रश. पोलीस न्यायला आले तर नातीसमोर शोधाशोध नको म्हणून. मला वाटायचं, म्हातारपण आलं."

मी म्हणालो, "मंगल..."

"थांब. त्यांनी मला शपथ घातली होती, पोलीस आले तर सतीशला आपण ओळखत नाही म्हणायचं. पहिल्या पानावर त्याचं नाव लिहिलं ही माझी चूक झाली म्हणायचे. पोराचं कार्ड माझ्यापायी अडकलंय. तुझं कार्ड आल्याचं मी फोनवर कळवलं ना, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दादाला वाटलं, वही सापडली."

मग तिनं फोन ठेवला.