कांद्याच्या शेतासाठी सोडलेलं घर

आमचे खोलमुरोद अका, वडीलधाऱ्याला आम्ही अकाच म्हणतो, गेले त्याला चाळीस दिवस होऊन गेले. माणूस काही मोठा नव्हता हो. कांदा लावायचा, जर्दाळू वाळवायचा, इस्फाऱ्याच्या बाजारात नेऊन विकायचा, एवढंच. पण गावात अजून त्यांचं नाव निघतं. म्हातारपणी स्वतःच्याच घरातनं स्वतःला बाहेर काढलेला माणूस म्हणून. हसतात काही जण. हसू देत.

शेत म्हणाल तर वीस गुंठे. पाटाला लागून. अकांच्या आज्यानं नि बापानं नदीचा गाळ टोपल्यांनी वाहून ती माती केलेली, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. पण शेजारच्या उबैदुल्लोनं आपल्या रानात आधी एक खोली काढली, मग गोठा, मग उंच भिंत. त्या भिंतीच्या सावलीत अकांचा कांदा लसणाएवढाच राहायला लागला. पाटात बाटल्या, लंगोट, काय काय वाहत यायचं. अका फावड्यानं ते काढायचे नि उबैदुल्लोच्या दारात नीट रचून ठेवायचे.

आमच्याकडं मुलगा झाला की बाप सफेदारची चाळीस रोपं लावतो. सरळसोट वाढणारं झाड, पोरगं मोठं होईतो त्याच्या घराला वासे तयार. थोरला नुसरत झाला तेव्हा अकांनी ती रोपं शेताच्या कडेला लावली, पाटावर. पाणी मिळेल म्हणून लावली, दुसरं काही मनात नव्हतं. तीच चूक झाली म्हणायची.

रीत अशी की आईबापाचं घर धाकट्याला, थोरल्यानं वेगळं बांधायचं. नुसरतला बायको, दोन पोरी, सगळी एका खोलीत. धाकट्या शरोफचं लग्न ठरलं तसा नुसरत शेतावर आला. अका कांद्याला पाणी देत दारं धरत होते.

"बाबा, शरोफची बायको आली की आम्ही झोपायचं कुठं? तंदूरमध्ये?"

"तंदूर ऊबदार असतो."

"चेष्टा पुरे. झाडं तुम्ही लावलीत. कुठं? इथं. म्हणजे माझं घर कुठं व्हायचं ते तुम्हीच दाखवून ठेवलंत की!"

वाफा भरून फुटला, पाणी अकांच्या पायावरनं वाहून गेलं, तरी ते उभेच.

जागा नव्हती असं नाही. पंचायतीनं वर बरडावर प्लॉट दिले होते, नुसते दगड. पण नुसरतची बायको मंझुरा म्हणाली, "पाणी गाढवावर आणायचं, आणि पोरींचे कपडे काय थुंकीनं धुवू?" तिचंही खरंच होतं.

तीन दिवस अका जेवणावर बसायचे नि न जेवताच उठायचे. चौथ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन गेले आणि स्वतःच्या हातानं सफेदार पाडायला लागले. नुसरतला वाटलं, बाप वळला. तो दोरी नि खुंट्या घेऊन पळत आला, पाया आखायला. अकांनी सगळे वासे ट्रॅक्टरवर चढवले आणि ट्रॅक्टर निघाला वरच्या रस्त्याला.

"बाबा! शेत इकडं आहे!"

"शेत कुठं आहे ते मला माहितेय. घर तुमचं दोघांचं. आम्ही दोघं वर जातो."

बीबीसोरो, त्यांची बायको, अंगणात गाजरं चिरत होती. ती सुरी खाली न ठेवता म्हणाली, "म्हातारपणी मला दगडांत नेऊन बसवणार?"

"तुला नाही यायचं तर राहा. मला चहा तेवढा करता येत नाही."

"तुम्हाला येतं काय? कांदा!"

पण गेली. शिव्या देत गेली.

गाव मदतीला आलं, पंधरा दिवसांत भिंती उभ्या केल्या. आणि तेच गाव मग नुसरतला टोमणे मारायला लागलं. चहाखान्यात कोणीतरी विचारायचं, "काय रे, बापाला कोल्ह्यांत ठेवलास, बरा आहे ना?" नुसरत रडवेला होऊन वर यायचा. "बाबा, चला हो खाली. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"मग तू कुठं जाशील?"



पहिली तीन वर्षं अका रोज सकाळी उतरायचे, ऊन कलल्यावर चढायचे. मग गुडघे गेले. शेवटचं वर्षभर दाराबाहेर खाटेवर बसून असायचे. वरनं शेत दिसायचं, रुमालाएवढं. "सोरो, बघ गं, आज आपली पाण्याची पाळी. पोरानं दारं मोडलं का?" तिला तेवढं लांबचं दिसायचं नाही, पण ती म्हणायची, "मोडलं, मोडलं."

एकदा म्हणाले, "कान रिकामे झालेत." पाटाचं पाणी सत्तर वर्षं कानात होतं ना. बरडावर नुसता वारा. भांडी धुतल्याचं पाणी साठवून फुटक्या घमेल्यात कांदा लावून बघितला, पिवळा पडला. नुसरत खालनं पातीची जुडी आणायचा, तर खायचे नाहीत, मांडीवर घेऊन बसायचे. आणि दरवेळी हेच विचारायचे, "उबैदुल्लोच्या भिंतीकडचा पट्टा पेरलास ना? लहान कांदा येतो म्हणून सोडू नको. सोडलास की तिथं कोणीतरी वीट ठेवतं."

खुरपणीच्या दिवसांत गेले. पोरं धावत आली ती मातीच्या हातांनी. कबरस्तानही आमच्याकडं बरडावरच, पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन आम्ही मेलेल्यांनाही देत नाही. म्हणजे गुडघे गेल्यावर पुन्हा एकदा खाली यायचं, पाटात पाय सोडून बसायचं, ते राहूनच गेलं त्यांचं.

चाळिसाव्याचा भात झाला, माणसं पांगली. नुसरत आईजवळ बसला.

"आई, आता तरी चल."

"राहू कुठं?"

"तुला एक खोली काढतो."

"कुठं काढशील?"

नुसरत खालच्या शेताकडं बघायला लागला.

"अंगणात बोट ठेवायला जागा नाही, शरोफलाही पोरगं झालंय. म्हणजे कांद्यातच काढणार ना?" ती म्हणाली. "मला खाली यायचं नाही असं वाटतं का तुला? रोज वाटतं यावं. जा आता, वाळायला घातलेली जर्दाळू आत घे, ढग आलेत."

तो गेला. ती वरच आहे, एकटी. पाणी वाहणारं गाढव म्हातारं झालंय, आणि उन्हाळा आता कुठं सुरू होतोय.