खंडेनवमीचा हीटसिंक

पंचवटीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी नवरा बोलायचा, मशीन मी उघडायचे.

त्या खंडेनवमीला त्याने स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि फर्मान काढलं, "आज यंत्रांना विश्रांती. एकही चालू करायचं नाही." तेवढ्यात एक मास्तर जुना कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून बाजारात गेले. तो तापून सारखा बंद पडत होता. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा, त्याच्यावर बसवलेला हीटसिंक काढून दोघांमधली पेस्ट बदलायची होती, पण पेस्ट वाळून दगड झालेली.

मी म्हटलं, "अहो, दहा मिनिटं चालू ठेवू, पेस्ट मऊ होईल. मग बंद करून हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवत सोडवू. नाहीतर उद्या करू."

"चालू करायचं नाही म्हटलं ना!" असं म्हणून त्याने थंडगार हीटसिंक धरला आणि सरळ वर खेचला. त्याला चिकटलेला प्रोसेसरही उपटून आला. पिना वाकल्या, दोन तर तुटल्याच.

मास्तर परतल्यावर नवरा हसून म्हणाला, "हिने खेचला. बायकांना धीर कुठला?"

"ताई, जरा सबुरीनं घ्यावं," मास्तरांनी मला समजावलं.

मी तोंड उघडलं नाही, याची चीड आजही येते. तशीच घरी गेले आणि कुळाचाराचं पुरण वाटायला बसले. विश्रांती फक्त यंत्रांना होती.