काठीला भिणारी

बाबांचं चालणं बंद पडू नये, एवढ्याचसाठी आम्ही कुत्रं आणलं. आई गेल्यावर त्यांना मिरजेहून कोलकात्याला आमच्याकडे आणलं होतं. तिकडे सकाळी दुधाला म्हणून बाहेर पडलेला हा माणूस दहा ओट्यांवर गप्पा मारून जेवायच्या वेळेला घरी यायचा. इथे बंगाली येत नाही, हिंदी मोडकंतोडकं, आणि मी नि नवरा दिवसभर ऑफिसात. बाबा खिडकीशी बसायला लागले. गुडघे आखडले, हातात काठी आली. डॉक्टर म्हणाले, चालते ठेवा, नाहीतर अंथरूण धरतील. घरात कुत्रं असलं की माणसाला खाली उतरावंच लागतं, ही अक्कल माझी.

बराकपूरच्या पुढे एक शेल्टर आहे, तिथे गेलो. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती. वर्षभराची एक तांबूस कुत्री तेवढी टाकीमागे तोंड खुपसून बसलेली. बाबांनी काठी दाराशी ठेवली, खुर्ची ओढली, तिच्याकडे चक्क पाठ केली आणि मिरजेच्या पाण्याबद्दल मराठीत बोलत बसले. बऱ्याच वेळाने ती आली आणि त्यांची चप्पल हुंगून गेली.

"हीच," बाबा म्हणाले.

तिथल्या बाईंनी मग सांगितलं, "इसको लाठी से बहुत मारा है. लाठी देखने से ही छुप जाएगी."

"बाबा, दुसरं बघू," मी म्हटलं. चालायचा आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास! पण ऐकतील तर ते बाबा कसले.

घरी काठी फरशीवर टेकली की ती पलंगाखाली जाऊन थरथरायची, भीतीने तिथेच मुतायची. बाबांबरोबर खाली जाणं तर सोडाच. तिला मीच न्यायची, चरफडत. मग एक दिवस काठी कपाटामागे गेली आणि बाबा भिंत धरून चालायला लागले.

"पडलात म्हणजे?" मी ओरडले. "हाडं काय विशीतली आहेत का तुमची?"

"हळू बोल गं. घाबरते ती."

माझा संताप संताप झाला. आईने जन्मभर सांगितलेलं या माणसाने एक ऐकलं नव्हतं, आणि हिच्यासाठी काठी टाकली.

एका दुपारी तिला दहीपोळी द्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि पडले. मी आले तेव्हा बाबा फरशीवर होते, आणि ती त्यांच्या पोटाशी अंग लावून झोपली होती. तोवर ती आपणहून कुणाच्याच अंगाला लागली नव्हती. बाबांचा चेहरा वेदनेने पांढरा पडलेला, तरी म्हणाले, "बघ, आली की नाही?" त्या क्षणी तिला लाथ घालावीशी वाटली मला.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. फिजिओथेरपिस्टने वॉकर आणला. त्याचे पाय फरशीवर खणखणले मात्र, ती पलंगाखाली गेली ती दोन दिवस अन्नाला शिवली नाही. बाबांनी वॉकरला हात लावायचं बंद केलं. पडून राहिले तर छाती भरेल, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. हे बाबांनाही ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं.

रविवारी मी पट्टा हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "हिला परत सोडून येते. ही इथे राहील किंवा तुम्ही चालाल. दोन्ही व्हायचं नाही."

बाबा चिडले नाहीत. तिचं डोकं त्यांच्या तळव्याखाली होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

"चालेन की," ते म्हणाले. "पण चालत जाऊ कुणाकडे? तेवढं सांग."

मी आठवून पाहिलं. शेजारचे काका समोर आले तर तोंडदेखलं हसून दार लावायचे. खालचा चहावाला, लिफ्टमधली माणसं. अख्ख्या शहरात एकही माणूस सापडला नाही.

पट्टा मी खुंटीला अडकवला. बाबा त्या पलंगावरून पुन्हा उठले नाहीत.