कळशीची कावीळ

आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील सभांमधून, मोर्च्यांमधून ती आणत आणि मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे बोरीतल्या आमच्या घरी वहिनीला कावीळ झाली आणि मायनं तिच्या डोक्यावर शेजारच्या गावाहून आणलेली माळ ठेवली, तेव्हा गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून बांधून ही माळ करतात. सुरुवातीला ती टोपीसारखी डोक्यावर बसते. कावीळ उतरेल तशी माळ म्हणे वाढत जाते, गळ्यात येते, कमरेखाली जाते, शेवटी पायांतून निघते. तोवर वेस ओलांडायची नाही. दवाखाना परभणीला, आणि वहिनीला सातवा महिना.

"डोळे बघ तिचे. पोटुशीला कावीळ म्हणजे दोन्ही जीवांना धोका हाय. आजच रक्त तपासायला न्यायला पायजे," मी म्हणाले.

"माळ उतरू दे," माय म्हणाली. "तुझ्या कागदात छापलंय म्हून मी रीत मोडू का?"

दादा दोघींच्या मधे उभा राहून चप्पल शोधत होता. ती त्याच्या पायातच होती.

त्या दुपारी माझी मैत्रीण आली. ती नायजेरियाची, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी. तिच्या मुलुखात लिव्हरच्या आजारावर जी झाडं वापरतात, त्यांच्यावर तिचं संशोधन. आमच्या बांधावरची झाडं बघायला मीच तिला बोलावलं होतं. वाटलं, चला, माझ्या बाजूनं एक माणूस वाढलं. तिनं वाकून वहिनीची माळ पाहिली आणि खुशीत टाळीच वाजवली. काड्या घेटुळीच्या होत्या. आमच्या उकिरड्याकडेला वाढणारी ही घेटुळी तिच्या गावातही होती आणि तिची आजी ती काविळीलाच देत होती.

मायचा चेहरा उजळला. "ऐक! आफ्रिकेत बी हेच हाय. आता बोल."

मी मैत्रिणीकडे रागानं पाहिलं. ती शांतपणे तिच्या वसतिगृहातल्या हिंदीत म्हणाली, "दादी उबालके पिलाती. सर पे नहीं रखती."

"मग उतरली ते कसं कळतं?" मायनं विचारलं.

"आँखें देखती. और औरत पेट से हो तो दादी दवा देतीच नहीं. सीधा अस्पताल."

"तुमच्यात माळ न्हाई ना, म्हून," माय म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता.

मैत्रिणीला नमुन्यासाठी एक माळ हवी होती. दादा संध्याकाळी ताजी घेऊन आला. ती हातात घेताना मला सुचलं. वहिनीच्या खाटेशेजारी मी एक कळशी पालथी घातली आणि माळ तिच्या बुडावर ठेवली. पंखा तोच, हवा तीच.

"आता भांड्याला बी टोपी घाल," माय करवादली.

सकाळी वहिनीच्याच हसण्यानं आम्ही जमलो. तिची माळ कानांपर्यंत आली होती. कळशीची माळ पोट ओलांडून पार जमिनीवर पडली होती.

"आत्याबाई," वहिनी सासूला म्हणाली, "हिची माझ्याआधी उतरली की वो!"

मायनं माळ उचलली. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या. तिनं एक गाठ ओढली, मग दुसरी. मधे न बोलणं मला फार जड गेलं.

"कळशीला कवा कावीळ झाली?" माय स्वतःशीच म्हणाली. मग उठली आणि वहिनीच्या डोक्यावरची माळ स्वतःच्या हातानं काढली. "गाडी काढ रे."

"अन् वेस?" दादानं विचारलं.

"मी बसते तिच्यासंगं. काय व्हायचं ते मला होऊ दे."

ही जीत माझ्या पत्रकांची नव्हती, मायची होती, आणि म्हणूनच ती पक्की होती. माझ्या मैत्रिणीची आजी कुठल्याही सभेला न जाता जे करत होती, ते माझ्या मायनं त्या सकाळी केलं. झाडात गुण आहे की नाही, ते माझी मैत्रीण तपासून सांगेल. तोवर माणूस थांबवून ठेवायचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघताच वहिनीला भरती करून घेतलं. वेळेत आणलंत, म्हणाल्या. काही आठवड्यांत डोळे पांढरे झाले. दिवस भरल्यावर मुलगी झाली आणि तिनं आल्या आल्या ओरडून सगळा वॉर्ड जागा केला.

मायनं तिला उचललं, माझ्याकडं बघितलं आणि नर्सबाईला म्हणाली, "आत्यावर गेली. आता आमची खैर न्हाई."